अधांतरी बसलेला माणूस

जादूच्या प्रयोगांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट वारंवार खटकते. नाट्यगृहातल्या जादूगाराचे नाव मागे राहते. रस्त्यावरच्याचा खेळ तेवढा राहतो, नाव पुसले जाते. एकाच प्रयोगाचा प्रवास पाहिला तरी हे ध्यानात येते. तो प्रयोग म्हणजे माणसाने अधांतरी बसणे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रासमध्ये शेषल नावाचा वृद्ध ब्राह्मण हा खेळ करीत असे. 1832 साली लंडनच्या ‘सॅटर्डे मॅगझिन’ने त्याचे वर्णन छापले. त्याच्याभोवती आधी आडोसा धरला जाई. तो दूर झाला की शेषल जमिनीपासून काही फूट उंच, मांडी घालून बसलेला दिसे. एका हाताची कड तेवढी काठीवरच्या कातड्याच्या गुंडाळीला टेकलेली. सामान म्हणजे पितळी खोबण असलेले बसके स्टूल, पोकळ बांबू आणि ते कातडे. खुबी आत होती. बांबूतून वर गेलेली सळई गुंडाळीतून वळून बाहीत शिरे आणि कपड्यांखाली लपवलेली बैठक तोलून धरी. जो हात नुसता टेकलेला वाटे, त्याच बाजूने सारा भार खाली उतरे.

1847 साली पॅरिसमध्ये रोबेर-उदँने याच तत्त्वावरचा प्रयोग रंगमंचावर आणला. हा मूळचा घड्याळजी. 1845 मध्ये पॅले-रॉयालमध्ये त्याने स्वतःचे नाट्यगृह उघडले होते. पुढे हॅरी हुदिनीने आपले नाव घेतले ते याच्याच नावावरून. 1846 साली बॉस्टनमध्ये ईथर देऊन शस्त्रक्रिया झाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. रोबेर-उदँने तिचा नेमका उपयोग केला. ईथर हुंगल्याने शरीर फुग्यासारखे हलके होते, असे सांगून तो आपल्या लहान मुलाला बाटली हुंगवी, पायाखालचे स्टूल काढी आणि कोपराखालच्या एका काठीवर त्याला आडवा करी. मुलाच्या जिवाशी खेळ चालला आहे, असे वाटून काही प्रेक्षकांनी बापाची निर्भर्त्सना करणारी पत्रेही लिहिली.

याला मी चोरी म्हणणार नाही. जादूची विद्या हातोहातच फिरते, आणि ईथरची कथा ही रोबेर-उदँची अस्सल भर होती. मद्रासमध्ये जे तपश्चर्येचे फळ वाटे, ते पॅरिसमध्ये विज्ञानाचे फळ ठरले. सळई मात्र तीच. माझ्या मते जादूगार लोखंडाइतकाच प्रेक्षकांच्या श्रद्धेवर उभा असतो, आणि ती श्रद्धा काळाप्रमाणे बदलते.

पण मोबदल्याचे काय? 1849 मध्ये चार्ल्स डिकन्सने हौशी जादूचे खेळ केले ते ‘ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस’ असे पूर्वेकडचे वाटणारे नाव घेऊन. हिंदुस्थानी नावाला एवढी किंमत होती. त्याच लंडनमध्ये हिंदुस्थानातून आलेला रामो सामी तलवार गिळण्याचे आणि चेंडू झेलण्याचे खेळ करून एके काळी गाजला होता. हॅझलिटने 1821 साली हिंदुस्थानी खेळकऱ्यांवर निबंध लिहिला आणि त्यांच्या चेंडूफेकीतल्या अचूकपणापुढे आपले लेखन उणे ठरवले. रामो सामी 1850 मध्ये वारला तो दारिद्र्यात.

आपल्याकडचा हिशेबही फारसा निराळा नाही. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम 1959 साली आला. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने पैसे मागणे, हेही त्याच्या व्याख्येत भीक ठरते. म्हणजे तिकीट लावून नाट्यगृहात केली तर ती कला, आणि तीच हातचलाखी चौकात चादर पसरून केली तर गुन्हा. कला कोणती आणि भीक कोणती, हे इथे हाताच्या कसबावरून ठरत नाही, जागेवरून ठरते. जादूचा इतिहास लिहिताना पॅले-रॉयालइतकीच जागा त्या चादरीलाही द्यावी लागेल. शेषलची बैठक तिच्यावरच मांडलेली होती.