जहाजावरून वर्गात : अमेरिकी नौदलाच्या विद्यापीठीय युनिटांची वाटचाल

अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून दरवर्षी बाहेर पडणारे अधिकारी शांततेच्या काळात पुरत. युद्ध पेटले की ते अपुरे पडत, हा अमेरिकी नौदलाला पहिल्या महायुद्धात आलेला अनुभव होता. दुसरी अकादमी उभारण्याइतका पैसा मिळणार नव्हता. तेव्हा देशातील विद्यापीठांतच राखीव अधिकारी घडवावेत, अशा विचाराला 1925 मध्ये कायद्याचे बळ मिळाले आणि 1926 च्या शरदात ‘नेव्हल रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’, म्हणजेच एनआरओटीसीची पहिली सहा युनिटे सुरू झाली. हार्वर्ड, येल, नॉर्थवेस्टर्न, जॉर्जिया टेक, वॉशिंग्टन विद्यापीठ आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ ही ती सहा ठिकाणे.

शिकवायचे कोणी, हा प्रश्न मात्र होताच. विद्यापीठांकडे या विषयाचे प्राध्यापक नव्हते आणि नौदलाकडे स्वतंत्र अध्यापकवर्ग नव्हता. नौदलाने सेवेतले अधिकारीच दोन-तीन वर्षांसाठी वर्गात पाठवायचे ठरवले. मुदत संपली की ते पुन्हा जहाजावर जात. हा तात्पुरता वाटणारा तोडगा शंभर वर्षांनंतरही तसाच चालू आहे. युनिटाची ओळख तिथल्या इमारतीपेक्षा शिकवायला येणाऱ्यांच्या मागच्या सेवेवरून ठरते, ती त्यामुळेच.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बर्कलीचे. तिथले युनिट उभारायला कमांडर चेस्टर निमिट्झ आले, तेव्हा ते 41 वर्षांचे होते. अ‍ॅनापोलिसच्या 1905 च्या तुकडीत त्यांचा सातवा क्रमांक होता, पण पुढची वाट सरळ गेली नव्हती. 7 जुलै 1908 च्या रात्री फिलिपिन्समधील बातांगास उपसागरात त्यांच्या हाताखालची ‘डेकॅटर’ ही विनाशिका चिखलात रुतली. भरती-ओहोटीचे तक्ते त्यांनी पाहिले नव्हते. लष्करी न्यायालयापुढे उभे राहून त्यांना लेखी ठपका स्वीकारावा लागला. त्यानंतर ते पाणबुड्यांकडे वळले. 1912 मध्ये पाण्यात पडलेल्या एका खलाशाला वाचवण्यासाठी त्यांनी स्वतः उडी घेतली आणि त्याबद्दल त्यांना जीवरक्षक पदक मिळाले. 1913 मध्ये डिझेल इंजिनांच्या अभ्यासासाठी ते जर्मनी आणि बेल्जियमला गेले. परतल्यावर ‘मॉमी’ या इंधनवाहू जहाजाचे इंजिन पाहुण्यांना दाखवताना हातमोजा दातेरी चाकांत अडकला आणि बोटाचा काही भाग गेला. अकादमीच्या अंगठीमुळे बाकीचा हात बचावला. 1920 मध्ये त्यांनी पर्ल हार्बरचा पाणबुडी तळ उभारला. न्यूपोर्टच्या नौदल युद्ध महाविद्यालयात शिक्षण झाले, त्यानंतर ताफ्याच्या सरसेनापतींच्या हाताखाली काम झाले आणि मग ते बर्कलीला आले.

इतका तपशील अशासाठी, की बर्कलीच्या नौविज्ञान विभागाचा पहिला प्रमुख एकदा जहाज गाळात घालून बसलेला होता. नौदलाने त्याला शिक्षा केली आणि तरीही विद्यार्थ्यांपुढे उभे केले. यात संस्थेची समज दिसते. निमिट्झ 1929 पर्यंत बर्कलीत राहिले आणि त्या काळातच कॅप्टन झाले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, 31 डिसेंबर 1941 रोजी त्यांनी पॅसिफिक ताफ्याची सूत्रे हाती घेतली. युद्ध संपल्यावर बर्कलीशी असलेले नाते त्यांनी पुन्हा जोडले. 1948 ते 1956 या काळात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य होते.

जून 1930 मध्ये या युनिटांतून 126 मिडशिपमन, म्हणजे प्रशिक्षणार्थी अधिकारी, पदवी आणि कमिशन घेऊन बाहेर पडले. 1932 मध्ये मरीन कोअर योजनेत आली. बर्कलीच्याच युनिटात काम केलेले डॅनियल कॅलहन पुढे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे नौदल सहायक झाले आणि 13 नोव्हेंबर 1942 च्या रात्री ग्वाडलकनालच्या लढाईत ‘सॅन फ्रान्सिस्को’ या क्रूझरवर रिअर अ‍ॅडमिरल म्हणून मारले गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळाले. बर्कलीतील युनिटाच्या जुन्या इमारतीला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

युद्धात अधिकाऱ्यांची गरज एवढी वाढली, की 1 जुलै 1943 रोजी सुरू झालेली व्ही-12 योजना 131 महाविद्यालयांत पोहोचली आणि सव्वा लाखांवर तरुण तिच्यात दाखल झाले. त्या लोंढ्यापुढे जुनी सहा युनिटे लहानच होती. पण विद्यापीठात नौदल अधिकारी घडवण्याची रीत त्यांनी आधीच घालून दिली होती. युद्धानंतर रिअर अ‍ॅडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने नवी रचना सुचवली आणि ऑगस्ट 1946 मध्ये तिचा कायदा झाला. शिक्षणाचा खर्च नौदल उचलू लागले, दरमहा 50 डॉलर भत्ता मिळू लागला. ज्यांच्या घरी कॉलेजची फी भरणे अवघड होते, अशा मुलांसाठी दार उघडले. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या युनिटातून आलेला जेसी ब्राउन हा नौदलाचे मूलभूत उड्डाण प्रशिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय वैमानिक. 4 डिसेंबर 1950 रोजी कोरियातील चोसिन जलाशयाजवळ त्याचे विमान कोसळले आणि त्यात त्याचा अंत झाला.

1964 च्या कायद्याने एक अट स्पष्ट केली: ज्या विद्यापीठात युनिट असेल, तिथल्या ज्येष्ठ अधिकाऱ्याला प्राध्यापकाचा दर्जा द्यावाच लागेल. आपल्याकडच्या एनसीसीशी ताडून पाहिले तर गंमत वाटते. इथे महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला निवडून, प्रशिक्षण देऊन, एनसीसीचा अधिकारी करतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राध्यापकांनी त्यासाठी कामठीची अकादमी पाहिली आहे. अमेरिकेत उलट. नौदलाचा कॅप्टन येतो आणि प्राध्यापक होतो.

आणि याच अटीवर पुढे सर्वांत मोठा आघात झाला. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यापीठे पेटली होती. पीएच.डी. नसलेल्या, विद्यापीठाने न निवडलेल्या माणसाला प्राध्यापक का म्हणावे, असा सवाल होता. तो अगदीच गैरलागू होता असे म्हणता येत नाही. फेब्रुवारी 1969 मध्ये हार्वर्डच्या अध्यापकांनी या अभ्यासक्रमांचे श्रेयांक आणि शिकवणाऱ्यांचा अध्यापकीय दर्जा काढून घेण्याचा ठराव केला. एप्रिलमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटी हॉल ही प्रशासनाची इमारत ताब्यात घेतली. 1970 च्या दशकाच्या आरंभी हार्वर्ड, येल आणि कोलंबिया येथील युनिटे बंद झाली. पहिल्या सहांपैकी दोन गेली. त्या वर्षांत काही विद्यापीठांत गणवेश घालून आवारातून जाणेही सोपे राहिले नव्हते.

तरी याच काळात पाया रुंदावला. 1968 मध्ये टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले, एनआरओटीसीचे युनिट मिळालेले पहिले महाविद्यालय ठरले. 1972 मध्ये 16 तरुणींना प्रवेशाची परवानगी मिळाली. 1990 मध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या आल्या.

आज साठांहून अधिक युनिटे आहेत आणि त्यांचा कारभार इलिनॉयमधील ग्रेट लेक्स येथून चालतो. एखाद्या युनिटाचा अध्यापकवर्ग पाहिला तर अवघे नौदल एका मजल्यावर बसल्यासारखे वाटते. प्रमुख असतो नौदलाचा कॅप्टन किंवा मरीन कोअरचा कर्नल, दोन दशकांहून जास्त सेवा झालेला. त्याच्या खाली कमांडर. मग तिशीच्या आतबाहेरचे लेफ्टनंट: एकाने विनाशिकेच्या ब्रिजवर रात्री-रात्री पहारा दिलेला, एक पाणबुडीवरून आलेला, एक वैमानिक. समुद्रावरच्या पहिल्या नेमणुका संपवून किनाऱ्यावरची ही त्यांची पहिलीच नेमणूक असते, आणि अनेक जण याच काळात त्याच विद्यापीठातून पदव्युत्तर पदवीही घेतात.

पाणबुडीवाल्या लेफ्टनंटचे काम विशेष. अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांवर जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची मुलाखत अणुभट्टी विभागाचा चार तारे असलेला अ‍ॅडमिरल स्वतः घेतो. ही या विभागाचे पहिले प्रमुख अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी पाडलेली रीत. त्या खोलीत स्वतः बसून आलेला अधिकारीच विद्यार्थ्याकडून गणित आणि भौतिकशास्त्राची तयारी करून घेतो. मरीनच्या बाजूला एक कॅप्टन आणि त्याच्यासोबत बहुधा एक गनरी सार्जंट असतो. बरेचदा हा सार्जंट पॅरिस आयलंड किंवा सॅन डिएगोला नवशिक्यांना घडवलेला ड्रिल इन्स्ट्रक्टर असतो. मरीन अधिकारी होण्यासाठीच्या, क्वांटिकोच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी कसोटीला कोण टिकेल, हे त्याला बरेच आधी कळते, असे विद्यार्थी मानतात. युनिटाचा खरा कणा बहुधा हाच माणूस असतो, प्राध्यापकांच्या यादीत त्याचे नाव नसले तरी.

अभ्यासक्रमात सागरी सत्तेचा इतिहास, जहाजाची यंत्रणा, शस्त्रप्रणाली, नौकानयन, नेतृत्व आणि नीती हे विषय आहेत. ज्या विद्यापीठांत युनिट नाही, तिथले विद्यार्थी शेजारच्या युनिटात जातात. स्टॅनफर्डचे मिडशिपमन बर्कलीला येतात, ते याच व्यवस्थेखाली.

सैन्यातील समलिंगी व्यक्तींवरील बंधने उठवणारा कायदा डिसेंबर 2010 मध्ये झाला आणि विद्यापीठांचा एक मोठा आक्षेप दूर झाला. 4 मार्च 2011 रोजी हार्वर्डच्या अध्यक्ष ड्रू फाउस्ट आणि नौदल सचिव रे मेबस यांनी करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी येल आणि कोलंबियाचेही करार झाले आणि 2012 च्या शरदात येलमध्ये वर्ग भरू लागले. 2026 मध्ये शताब्दी गाठताना पहिल्या सहाही विद्यापीठांचे विद्यार्थी पुन्हा या योजनेत आहेत. हार्वर्डचे विद्यार्थी तासांना अजून एमआयटीतच जातात.