ओहमच्या सूत्रातलं गाळलेलं पद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. इअरफोन सापडत नसतील तरी चालेल.

सुरुवात एका प्रश्नानं करू. दोन-तीन वर्षं वापरलेला फोन आहे. बॅटरी २० टक्के दाखवतेय. तुम्ही कॅमेरा उघडता, फ्लॅश मारता आणि फोन धाडकन बंद! चार्जरला लावला की पुन्हा जवळपास तेवढेच टक्के दाखवतो. मग मधे ती वीज गेली कुठे? कुठेच नाही. ती बॅटरीतच होती, फक्त हवी तेव्हा बाहेर येऊ शकली नाही. याचं उत्तर जानेवारी १८२६ मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात एका शाळामास्तरानं शोधून ठेवलंय. गंमत म्हणजे शाळेत आपण त्याचंच सूत्र पाठ करतो, पण नेमका तोच भाग गाळून.

मास्तरांचं नाव गेऑर्ग ओहम. जन्म १७८९, गाव एरलांगेन. वडील कुलपं बनवणारे कारागीर. स्वतः वाचून वाचून गणित शिकलेले आणि पोरांनाही त्यांनीच शिकवलेलं. ओहमला विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं, पण वाट्याला आल्या शाळेतल्या नोकऱ्या. १८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत लागला, तिथे मात्र भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून उरलेल्या वेळात तो तिथे तारा आणि बॅटऱ्या घेऊन बसायचा.

आता तो काळ डोळ्यापुढे आणा. व्होल्टानं पहिली बॅटरी १८०० मध्ये बनवली. तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते, हे अर्स्टेडनं १८२० मध्ये दाखवलं. म्हणजे वीज सतत वाहती ठेवायचं साधन जेमतेम पंचवीस वर्षांचं आणि ती मोजायची युक्ती पाचच वर्षांची. करंट वेगळा, व्होल्टेज वेगळं, हेही अजून नीट वेगळं झालेलं नव्हतं.

आपण सोयीसाठी गच्चीवरची टाकी घेऊ. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. ते व्होल्टेज. नळातून दर मिनिटाला किती पाणी पडतं, तो करंट. पाइप किती अरुंद, किती लांब, म्हणजे पाण्याला अडथळा किती, तो रोध. शाळेतला नियम काय सांगतो? जोर भागिले रोध बरोबर करंट. झालं, संपलं.

ओहमसाठी मात्र संपलं नव्हतं. त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा बॅटरीला जोडून करंट किती कमी होतो ते मोजलं आणि १८२५ मध्ये एक सूत्र छापलं. त्यात चक्क लॉगॅरिदम होतं. सूत्र चुकीचं होतं. कारण? बॅटरी. तेव्हाच्या बॅटरीत धातूच्या पट्ट्यांवर वायूचे बुडबुडे जमायचे आणि मोजमाप चालू असतानाच तिचा जोर उतरायचा. ओहम तार बदलायचा आणि त्याच्या नकळत बॅटरीही बदललेली असायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की बग कशामुळे आला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. ओहमचं तेच झालं होतं.

विचार करा, वय छत्तीस, प्राध्यापकीची आस आणि नावावर छापील चूक. ज्या नियतकालिकात तो लिहायचा, त्याचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवलं, बॅटरी सोडा, झेबेकची नवी युक्ती वापरा. युक्ती अशी: दोन वेगवेगळे धातू जोडायचे, एक जोड तापवायचा, दुसरा गार ठेवायचा. तापमानात फरक आहे तोवर वीज वाहते. ओहमनं तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय, तोवर ही दोन्ही तापमानं जागची हलत नाहीत. म्हणजे जोर अगदी बारीक, पण स्थिर! करंट मोजायला वर टांगलेली चुंबकसूची. करंटनं ती वळली की तिचा धागा उलटा पिळून तिला जागेवर आणायचं. पीळ किती द्यावा लागला, तितका करंट.

८ जानेवारी १८२६ चे आकडे ऐका. सारख्याच जाडीच्या, तांब्याच्या आठ तारा. सर्वात छोटी २ इंच, सर्वात लांब १३० इंच. छोटीला आकडा आला ३२६.७५, लांबीला ४८.५. आता हिशोब करू. तार ६५ पट लांब झाली, म्हणजे करंट ६५ पट कमी व्हायला हवा. पण तो कमी झाला फक्त पावणेसात पट!

मग शाळेतला नियम खोटा का? नाही. ओहमच्या लक्षात आलं की वीज फक्त त्या तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून जाते, जोडांमधून जाते, पूर्ण फेरी मारून परत येते. परिपथ म्हणजे फेरीच. त्या बाकीच्या सगळ्या वाटेचाही रोध असतो. त्याच्या मांडणीत तो भरला सव्वावीस इंच तांब्याच्या तारेएवढा. आता दोन्हीकडे सव्वावीस मिळवा. २ चे झाले २२.२५, १३० चे झाले १५०.२५. भागाकार? पावणेसात पट. बरोबर जुळलं!

मग त्यानं तापमानातला फरक कमी करून तेच पुन्हा मोजलं. जोर कमी झाला, पण ते सव्वावीस जवळपास तसेच राहिले. म्हणजे जोर ही एक गोष्ट आणि आतला रोध ही दुसरी, दोन्ही स्वतंत्र. ओहमचं मूळ सूत्र हे असं:

करंट = जोर ÷ (आतला रोध + बाहेरचा रोध)

आपण शाळेत हा ‘आतला रोध’ शून्य धरतो. पण तुमच्या फोनच्या बॅटरीत तो शून्य नसतो आणि बॅटरी जुनी होते तसा तो वाढत जातो. समजा बॅटरीचा जोर ३.७ व्होल्ट आहे आणि कॅमेरा-फ्लॅशला २ अँपिअर करंट लागतोय. नव्या बॅटरीचा आतला रोध ०.१ ओहम धरला, तर ०.२ व्होल्ट आतच खर्च होतात, बाहेर ३.५ उरतात. जुनीचा ०.३ धरला, तर ०.६ आतच जातात, उरतात ३.१. एवढ्यावर फोनचं भागत नाही आणि तो बंद पडतो. टाकी भरलेली आहे, पण तिच्या तोंडाशीच क्षार साचलाय. एक नळ उघडला तर पाणी येतं, तीन उघडले की धार बारीक. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं मान्य केलं की काही जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरनं कमी करतात, कारण जुन्या बॅटरीकडून एकदम जास्त करंट मागितला की फोन अचानक बंद पडतो. लोक चिडले ते न सांगता केलं म्हणून, आणि बरोबरच होतं. पण त्यामागचं कारण ओहमच्या कंसातलं पहिलं पद हेच होतं.

ओहमला याचं काय मिळालं? अर्ध्या पगारी रजेवर बर्लिनला जाऊन त्यानं १८२७ मध्ये पुस्तक काढलं. स्वागत थंड झालं. विद्यापीठाची जागा काही मिळाली नाही, कोलोनची नोकरीही त्यानं सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. लांबलांबच्या टेलिग्राफच्या तारांसाठी हा हिशोब लागतो, हे तोवर लोकांना कळू लागलं होतं. म्युनिकला प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये आणि १८५४ मध्ये तो गेला. रोधाच्या एककाला त्याचं नाव पॅरिसच्या परिषदेत जगानं मान्य केलं १८८१ साली.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशला हा नियम १७८१ मध्येच सापडला होता. मोजायला यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतः झटके घ्यायचा आणि झटका किती जोराचा लागला यावरून करंट ठरवायचा! पण त्यानं ते छापलंच नाही. मॅक्सवेलनं त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, ओहमच्या पुस्तकानंतर ५२ वर्षांनी. ओहमनं मात्र आधी चूक छापली आणि वर्षाच्या आत दुरुस्तीही छापली. म्हणून नाव त्याचं.

जाता जाता एक प्रयोग. टॉर्चचा जुना, मंद झालेला सेल फेकू नका, भिंतीवरच्या घड्याळात घालून बघा. बऱ्याचदा घड्याळ पुढे कितीतरी दिवस चालतं. का, ते आता तुम्हीच कंसातली दोन पदं मांडून सांगा. भेटू पुढच्या भागात!