मार्जरीची दर्शने आणि चर्चचे पंचांग
इंग्लंडच्या लिन बंदरातल्या मार्जरी केम्पने (जन्म सुमारे १३७३) आपला ग्रंथ लेखनिकांना सांगून लिहवला. त्यातली दर्शने खासगी वाटतात. पण त्यांतल्या अनेकांची वेळ चर्चचे पंचांगच ठरवते. झावळ्यांच्या रविवारी क्रूसावरचा पडदा वर जातो आणि तिला ख्रिस्ताच्या यातना दिसतात; मेणबत्त्यांच्या सणाला लोकांच्या हातातले दिवे पाहून ती बाळ येशूला मंदिरात अर्पण करणाऱ्या मरियेपाशी पोचते. लॅटिन न शिकलेल्या बाईवर उपासनेचा कसला प्रभाव, असे कुणी विचारील. मिरवणूक, दिवे, पडदा समजायला लॅटिन कशाला हवे? ख्रिस्तचरित्रावरच्या चिंतनग्रंथांनी तिला प्रसंग पुरवले, हे मान्य. ते जिवंत मात्र वेदीसमोरच झाले.