मोलमपल्लीचा बाबूराव

नागपुराहून दक्षिणेस निघालें म्हणजे उमरेड लागतें. कोष्ट्यांच्या मागांसाठीं व रेशीमकांठी कापडासाठीं एके काळीं नांवाजलेलें हें गांव ओलांडलें कीं भिवापूर, नागभीड, मूल असे टप्पे घेत रस्ता चांद्याकडे वळतो आणि रान दाट होऊं लागतें. ज्या बख्त बुलंदानें नागपूर वसविलें तो देवगडचा गोंड राजा. चांद्यासही गोंडांचेंच राज्य होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांनीं हीं दोन्ही राज्यें गिळिलीं. तथापि वैनगंगा व प्राणहिता यांच्या कांठच्या अरण्यांतील गोंड जमीनदार आपापल्या जागीं जवळजवळ राजेच राहिले. खंडणी पोंचली म्हणजे त्यांच्या वाटेस फारसें कोणी जात नसे.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जवाहीर, हत्ती, घोडे लिलांवांत निघाले, ही गोष्ट नागपूरकरांच्या घरोघरीं पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. रानांतील जमीनदारांस मात्र बदल जाणवला तो निराळ्या रीतीनें. चांद्यास इंग्रज डेप्युटी कमिशनर आला आणि जंगलांतून तारायंत्राची ओळ टाकणारे साहेब हिंडूं लागले. भोसल्यांचा अंमल दूर होता; हा अंमल उंबऱ्याशीं येऊन उभा राहिला.

१३ जून १८५७ च्या रात्रीं नागपुरांत टाकळीच्या रिसाल्यानें उठण्याचा बेत केला होता. तो फुटला, पुढाऱ्यांस फांसावर चढविण्यांत आलें आणि शहर शांत झालें. वृद्ध राणी बांकाबाईनें आपलें वजन इंग्रजांच्या पारड्यांत टाकलें. ह्यानंतर नऊ महिन्यांनीं, दिल्ली केव्हांच पडली असतां, चांद्याच्या रानांत बंड पेटलें. उशीर झाला होता, असें म्हणावेंच लागतें.

त्याचा पुढारी बाबूराव पुल्लेसुरबापू शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३ चा, म्हणजे उठाव केला तेव्हां त्यास पंचविसावें वर्ष सरत होतें. अहेरीच्या मोठ्या जमीनदारींत मोडणारी मोलमपल्ली ही त्याची लहानशी जमीनदारी. गोंड व रोहिले जमवून १८५८ च्या मार्च महिन्याच्या आरंभीं त्यानें राजगड परगण्यावर हात टाकला. अडपल्ली व घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यास येऊन मिळाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन यानें फौज धाडली. १३ मार्च रोजीं नांदगांव-घोसरीजवळ पहिली गांठ पडली व पुढेंही चकमकी झडल्या. डोंगर, नाले आणि बांबूचीं बेटें ज्याच्या ओळखीचीं, त्याचा पाठलाग करणें पलटणीस सोपें नव्हतें.

२९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या तळावर बंडवाल्यांनीं छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोघे ठार झाले. पीटर नांवाचा तिसरा निसटला. हा घाव सरकारच्या वर्मीं बसला. तोंवर हें एका रानटी जमीनदाराचें पुंडपण समजलें जात होतें. आतां गोऱ्यांचें रक्त सांडलें होतें.

क्रायटननें बंदुकीपेक्षां अधिक भरंवशाचें हत्यार उचललें. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर त्यानें दडपण आणलें: बाबूरावास धरून द्यावें, नाहीं तर तिचीही बंडखोरांत गणना होईल. लक्ष्मीबाईस दोष देणें आज सोपें आहे. परंतु नागपूरची गादी चार वर्षांपूर्वीं एका कागदानें बुडालेली तिनें पाहिली होती. आपली जमीनदारी बुडावयास कागदही लागणार नाहीं, हें ती जाणून असावी. तिच्या माणसांनीं बाबूरावास धरलें. तो त्यांच्या हातून निसटला. पुन्हां धरला गेला, तो १८ सप्टेंबर १८५८ रोजीं, कायमचा.

गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या हैतीच्या तूसाँ लूव्हेर्त्यूर याचा शेवट येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यासही १८०२ सालीं फ्रेंचांनीं बोलणीं करावयाच्या मिषानें बोलावून पकडलें आणि एप्रिल १८०३ मध्यें तो फ्रान्सच्या डोंगरी किल्ल्यांतील कोठडींत मेला. परंतु त्याच्यामागें जवळजवळ पांच लाख गुलाम होते, एका बेटावर, एकाच दुःखानें बांधलेले. १ जानेवारी १८०४ रोजीं त्यांनीं आपलें राष्ट्र जाहीर केलें. बाबूराव गुलाम नव्हता, तो जमीनदार होता. आणि जमीनदारांचें दुःख एक नव्हतें. शेजाऱ्याची जमीन जप्त झाली तर ती आपणांस मिळेल, ही आशा त्यांस फोडावयास पुरेशी होती. घडलेंही तसेंच. अडपल्ली-घोट जप्त झाल्यावर त्यांतील कित्येक गांवें लक्ष्मीबाईस बक्षीस मिळालीं.

२१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत बाबूरावास फांशी देण्यांत आली. व्यंकटराव बस्तरच्या रानांत पळाला होता. तेथील राजानें त्यास १८६० सालीं इंग्रजांच्या स्वाधीन केलें व त्यास जन्मठेप झाली. म्हणजे तोही आपल्याच बाजूच्या हातून गेला.

नागपूर व चांद्याच्या शाळांतील क्रमिक पुस्तकांत झांशी, कानपूर, बिठूर हीं नांवें पुष्कळ काळ होतीं, मोलमपल्ली नव्हती. बाबूरावाची आठवण गोंड वस्त्यांनीं जपली. २००९ सालीं भारतीय डाकखात्यानें त्याच्या नांवाचें तिकीट काढलें. चांद्याचें चंद्रपूर झालें आहे, अहेरी गडचिरोली जिल्ह्यांत गेली आहे. पण ज्या पिंपळावर त्यास फांशी दिलें असें लोक मानतात, तो तुरुंगाच्या आवारांतील पिंपळ पाहावयास दर ऑक्टोबरच्या एकविसाव्या तारखेस रानांतून माणसें येतात.