ईमची उघड्यावरची उपासना

सन 1666, ऑगस्टमधला रविवार. तुम्ही डर्बीशायरच्या डोंगरांतल्या ईम गावात आहात. गावचं चर्च बंद आहे. लोक कक्लेट डेल्फच्या दरीत उतरताहेत; तुम्हीही चला, पण चार हात लांबून. गवतावर एकेक कुटुंब वेगळं उभं आहे. तुमच्या शेजारच्या कुटुंबात एक म्हातारा आणि एक पोर, एवढेच उरलेत.

गेल्या सप्टेंबरात लंडनहून शिंप्याकडे कापड आलं. ओलसर होतं, म्हणून शेकोटीपुढे वाळत घातलं. त्यातल्या पिसवांनी गावात प्लेग आणला, असं सांगतात. आता चर्चच्या आवारात पुरायचं नाही; आपलं माणूस आपणच परसात नाहीतर शेतात पुरायचं. रायलीच्या शेतावर एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने.

वेशीपर्यंत जाऊन या. साथ बाहेर पसरू नये म्हणून पुढे जायचं नाही, हे गावाने ठरवलंय. तिथल्या दगडातल्या खळग्यांत हात घालून बघा: व्हिनेगर, आणि तळाशी नाणी. शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून ती घेऊन जातात. चॅट्सवर्थहून अर्ल ऑफ डेव्हनशरही रसद पाठवतो.

खडकाच्या कमानीत उभा राहून प्रार्थना सांगतोय तो तरुण पाळक विलियम मॉम्पेसन. स्वतःची दोन्ही मुलं त्याने आधीच बाहेरगावी पाठवली. बाप म्हणून त्याला दोष देववत नाही. पण बायको कॅथरीन त्याच्याजवळच राहिली, आणि याच महिन्यात ती जाणार आहे.

मात्र गाव थांबलं ते एकट्या मॉम्पेसनच्या शब्दावर, हे मला पटत नाही. तो इथे नवखा. लोकांचा जीव जुन्या पाळकावर, थॉमस स्टॅन्लीवर. राजाज्ञेचं प्रार्थनापुस्तक मानलं नाही म्हणून 1662 मध्ये त्याला काढून टाकलेलं. या दोघांचं एरवी जमण्यासारखं काहीच नव्हतं. तरी संकटात ते एकत्र आले, आणि म्हणूनच गावाने ऐकलं.

नोव्हेंबरात साथ थांबली, तोवर 260 माणसं गेली होती. मॉम्पेसन 1669 मध्ये गाव सोडून गेला. स्टॅन्ली मात्र 1670 मध्ये ईममध्येच वारला. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आजही त्याच दरीत स्मरणाची उपासना भरते. कधी गेलात, तर स्टॅन्लीचंही नाव घ्या.