रेकॉर्ड गाडीत घालून दारोदार फिरली आणि लोरेटा लिनचं पहिलंच गाणं हिट झालं

आज गाणं व्हायरल व्हायला एक रील पुरते. १९६० च्या अमेरिकेत मात्र गाणं चालायचं ते रेडिओवर. कुठली रेकॉर्ड लावायची, यात तिथल्या डिस्क जॉकीचा शब्द मोठा असायचा. मग ज्या गायिकेचं नावच कुणी ऐकलेलं नाही, तिची रेकॉर्ड तो का लावेल? लोरेटा लिनसमोर हाच प्रश्न होता.

लोरेटाचा जन्म १९३२ सालचा, केंटकी राज्यातल्या बुचर हॉलो या डोंगराळ वस्तीतला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला, भावंडं आठ. पंधराव्या वर्षी ऑलिव्हर लिनशी लग्न झालं आणि संसार थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावात थाटला गेला. लवकरच पदरात चार मुलं आली. घरकाम करताना तिचं गाणं ऐकून नवऱ्याने तिला १७ डॉलरची गिटार आणून दिली. ती वाजवायला लोरेटा स्वतःच शिकली आणि आसपासच्या बारमध्ये गाऊ लागली.

गाणं कोणतं होतं?

कॅनडातल्या नॉर्म बर्ली यांच्या झीरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तिला संधी दिली. फेब्रुवारी १९६० मध्ये हॉलीवूडला रेकॉर्डिंग झालं. गाण्याचं नाव 'आय अ‍ॅम अ हॉंकी टॉंक गर्ल'. हॉंकी टॉंक म्हणजे गाणी वाजणारा साधासुधा दारूचा बार. नवऱ्याने सोडल्यावर तिथे दुःख बुडवायला येणाऱ्या बाईची ही कहाणी लोरेटाने स्वतः लिहिली होती. तशीच एक बाई तिने प्रत्यक्ष पाहिली होती.

हिट कसं झालं?

छोट्या कंपनीकडे जाहिरातीला पैसा नव्हता. नवरा-बायकोने रेडिओ स्टेशनांना टपालाने रेकॉर्ड पाठवल्या, मग गाडी काढली. वाटेत स्टेशन दिसलं की आत जायचं, ओळख करून द्यायची आणि गाणं लावायची विनंती करायची. हॉटेल परवडत नसल्याने गाडीतच झोपायचं आणि सँडविचवर दिवस काढायचे.

त्या उन्हाळ्यात गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत १४ व्या क्रमांकावर पोहोचलं. ऑक्टोबरमध्ये लोरेटा नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या सर्वात मानाच्या मंचावर गायली. पुढे डेक्का या मोठ्या कंपनीशी करारही झाला.

त्याचं महत्त्व काय?

बाईचं दुःख बाईनेच लिहायचं आणि गायचं, ही वाट लोरेटाने पुढेही सोडली नाही. दारुडा नवरा, गर्भनिरोधक गोळ्या, घटस्फोटितेकडे बघणाऱ्या नजरा, सगळं तिच्या गाण्यांत आलं. काही स्टेशनांनी गाणी वाजवायला नकार दिला, तरी ती थांबली नाही. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला ठरली. तिच्या आयुष्यावरच्या 'कोल मायनर्स डॉटर' (१९८०) या सिनेमासाठी सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं.

४ ऑक्टोबर २०२२ ला, वयाच्या ९० व्या वर्षी लोरेटाचं निधन झालं.