हाफ-लाइफ ३: पुढच्या भागाकडून चाहत्यांना नेमकं काय हवं आहे?

सोशल मीडियावर कुठेही तीनचा आकडा दिसला, की खाली कुणीतरी हमखास लिहितं, 'हाफ-लाइफ ३ कन्फर्म्ड!' फोटोतल्या तीन खुर्च्या असोत किंवा एखाद्या अपडेटचा क्रमांक असो, विनोद तोच. पण ज्या गेमवरून हा विनोद केला जातो, तो गेम अजून आलेलाच नाही. हाफ-लाइफ मालिकेची कथा ऑक्टोबर २००७ मध्ये एका मृत्यूच्या प्रसंगावर थांबली. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत.

इतकी वर्षं वाट पाहणाऱ्यांना या गेमकडून काय हवं आहे? आणि तो बनवणं एवढं अवघड का झालं?

(सूचना: पुढे मालिकेतल्या काही भागांचा शेवट सांगितला आहे.)

हाफ-लाइफ म्हणजे काय?

हाफ-लाइफ हा फर्स्ट पर्सन शूटर प्रकारातला गेम आहे. म्हणजे हातात हत्यार असतं आणि खेळणारा सगळं जग मुख्य पात्राच्या डोळ्यांनी पाहतो. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह ही कंपनी सुरू केली. तिचा हा पहिला गेम १९ नोव्हेंबर १९९८ रोजी बाजारात आला.

गेमचं नाव भौतिकशास्त्रातून घेतलेलं आहे. किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ म्हणजे 'हाफ-लाइफ'. गेमचं बोधचिन्ह असलेलं लॅम्डा हे ग्रीक अक्षरही त्याच सूत्रातलं. नायक गॉर्डन फ्रीमन हा सैनिक नाही, शास्त्रज्ञ आहे. न्यू मेक्सिकोतल्या ब्लॅक मेसा प्रयोगशाळेत एक प्रयोग फसतो, दुसऱ्या मितीतले जीव आत घुसतात आणि गॉर्डनच्या हाती लागते एक कटावणी. तीच पुढे मालिकेची खूण बनली.

त्या काळातल्या बहुतेक शूटर गेममध्ये कथा नावापुरती असायची. हाफ-लाइफमध्ये खेळ थांबवून चित्रफीत दाखवली जात नाही. जे घडतं ते खेळणाऱ्यासमोर, तो चालत-पळत असतानाच घडतं. गॉर्डन स्वतः एक शब्दही बोलत नाही.

कथा कुठे अडली?

१६ नोव्हेंबर २००४ रोजी हाफ-लाइफ २ आला. या भागात पृथ्वी 'कंबाइन' नावाच्या परग्रही सत्तेच्या ताब्यात गेलेली आहे. ग्रॅव्हिटी गन हे या भागाचं सर्वांत गाजलेलं हत्यार. पडलेलं खोकं, पिंप किंवा करवतीचं पातं उचलून शत्रूवर फेकता येत असे. वस्तूंना वजन आहे, त्या खऱ्यासारख्या आदळतात, हा अनुभव तेव्हा नवा होता.

त्यानंतरची कथा तीन छोट्या एपिसोडमध्ये सांगायचं ठरलं. पहिला २००६ मध्ये आला, दुसरा १० ऑक्टोबर २००७ रोजी. दुसऱ्याच्या शेवटी गॉर्डनची सहकारी अ‍ॅलिक्स हिच्या डोळ्यांदेखत तिचे वडील इलाय व्हान्स मारले जातात. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेलं 'बोरिअलिस' हे जहाज शोधायला निघायचं, एवढं ठरलेलं असतं. अ‍ॅलिक्स वडिलांजवळ रडत असते आणि पडदा काळा होतो. तिसरा एपिसोड आलाच नाही.

तिसरा एपिसोड का आला नाही?

याचं सविस्तर उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळालं. हाफ-लाइफ २ ला २० वर्षं झाली म्हणून व्हॉल्व्हने एक माहितीपट प्रसिद्ध केला. त्यात तिसऱ्या एपिसोडची अर्धवट दृश्यंही दाखवली होती. बर्फाचे थर आणि भिंती तयार करणारी बंदूक त्यात होती, आकार बदलणारा द्रवासारखा शत्रूही होता. पण मधेच टीम 'लेफ्ट ४ डेड' हा दुसरा गेम पूर्ण करायच्या कामात गेली आणि परत येईपर्यंत जोर ओसरला होता.

न्यूवेल यांनी दिलेलं कारण जास्त महत्त्वाचं आहे. केवळ कथा पुढे नेण्यासाठी गेम काढणं त्यांना पुरेसं वाटलं नाही. या गेमने काहीतरी नवं द्यायला हवं होतं आणि ते नवं काय, हे त्यांना सापडलं नाही.

कंपनीला घाईही नव्हती. व्हॉल्व्हचे शेअर बाजारात नाहीत आणि गेमविक्रीच्या स्टीम या दुकानातून तिला मोठं उत्पन्न मिळतं. त्यामुळे ठरावीक तारखेला पुढचा भाग आणायचा दबाव नव्हता.

चाहत्यांच्या मुख्य मागण्या

*कथेचा शेवट.* ही सर्वांत जुनी मागणी. मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ यांनी २०१६ मध्ये व्हॉल्व्ह सोडली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावं बदलून एक पत्रवजा कथा ऑनलाइन टाकली. ती तिसऱ्या एपिसोडचीच कथा असल्याचं चाहत्यांनी लगेच ओळखलं. पण कथा वाचणं वेगळं आणि ती गॉर्डनच्या जागी उभं राहून जगणं वेगळं.

*साध्या स्क्रीनवर खेळता यावं.* मार्च २०२० मध्ये 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' आला, पण तो फक्त व्हीआर हेडसेटवर चालतो. व्हॉल्व्हच्या स्वतःच्या हेडसेटचा पूर्ण संच ९९९ डॉलरचा होता. गेमचं भरपूर कौतुक झालं. मात्र हेडसेट नसलेल्या असंख्य चाहत्यांना तो यूट्यूबवर पाहण्यावरच समाधान मानावं लागलं.

*मूळ बाज टिकावा.* न बोलणारा गॉर्डन, न तुटणारी कथा, एकट्याने खेळायचा पूर्ण गेम आणि सतत खरेदीचा आग्रह न धरणारी रचना.

*मॉड बनवायची मोकळीक.* मॉड म्हणजे चाहत्यांनी मूळ गेममध्ये बदल करून तयार केलेला गेम. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून जो काउंटर-स्ट्राइक खेळला गेला, तो १९९९ मध्ये हाफ-लाइफचा मॉड म्हणूनच जन्मला. पहिल्या हाफ-लाइफची चाहत्यांनीच केलेली 'ब्लॅक मेसा' ही नवी आवृत्ती आज व्हॉल्व्हच्या संमतीने स्टीमवर विकली जाते.

*काहीतरी कधीच न पाहिलेलं.* १९९८ मध्ये कथा सांगायची पद्धत नवी होती, २००४ मध्ये वस्तूंचं वजन, २०२० मध्ये व्हीआरमधले हात. आता पुढे काय, असं चाहतेही विचारतात.

या मागण्या एकत्र बसतात का?

खरी अडचण इथेच आहे. 'कथा पूर्ण करा, बाकी जुनंच चालेल' म्हणणाऱ्यांना एक चांगला, नेहमीसारखा शूटर पुरेसा आहे. 'पुन्हा थक्क करा' म्हणणाऱ्यांना तोच गेम फिका वाटेल. बऱ्याच चाहत्यांच्या मनात तर दोन्ही मागण्या एकाच वेळी असतात. शिवाय वाट पाहण्याचं प्रत्येक वर्ष अपेक्षा वाढवत जातं. २००८ मध्ये जो एपिसोड सहज खपला असता, तो आज त्याच रूपात आला तर 'यासाठी एवढं थांबलो?' असं विचारलं जाईल.

म्हणून काहींची मागणी अगदी छोटी आहे: निदान काहीतरी सांगा. फेब्रुवारी २०१२ मध्ये हजारो चाहत्यांनी ठरवून एकाच दिवशी हाफ-लाइफ २ खेळला. हेतू एवढाच होता, की कंपनीने गप्प बसू नये.

सध्या काय स्थिती आहे?

'अ‍ॅलिक्स'ने कथेची गाठ थोडी सोडवली आहे. तिच्या शेवटी काळाची उलटापालट होऊन इलाय वाचतात, अ‍ॅलिक्स मात्र सूटबूटातल्या गूढ जी-मॅनच्या ताब्यात जाते. शुद्धीवर आलेल्या गॉर्डनच्या हातात इलाय कटावणी देतात. म्हणजे पुढचा भाग काढायची वाट कंपनीनेच मोकळी ठेवली आहे.

व्हॉल्व्हच्या इतर गेमच्या फाइलींमध्ये 'एचएलएक्स' हे नाव सापडल्यापासून अफवांना पुन्हा उधाण आलं. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने स्टीम मशीन आणि नवा हेडसेट जाहीर केला, तेव्हा हाफ-लाइफ ३ चा उल्लेखही झाला नाही. फाइलीतलं नाव म्हणजे घोषणा नव्हे. त्यामुळे 'तारीख ठरली' असा फॉरवर्ड आला, तर तो पुढे पाठवण्याआधी स्टीमवर गेमचं अधिकृत पान आहे का, हे पाहून घेणं बरं.